वरच्या पलंगाचा कठडा

किराणा दुकानात रिकामी पोती साठतात, कपड्याच्या दुकानात चिंध्या साठतात. फर्निचरच्या दुकानात काय साठतं असं कोणी विचारलं, तर मी सांगते, किस्से! भाजी घ्यायला माणूस एकटा येतो, पण पलंग घ्यायला अख्खं घर येतं आणि येताना घरातलं भांडणही सोबत घेऊन येतं. आपण फक्त चहा सांगायचा आणि ऐकत बसायचं.

आमचं दुकान नांदेडला, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर. पुढं दुकान, मागं घर. माझा नवरा सुनील मापं घेतो आणि फिटिंग करतो. सासरे, म्हणजे आबा, दारातल्या खुर्चीत बसून आम्हा दोघांच्या चुका काढतात. बोलायचं खातं माझ्याकडं. ते मला कोणी शिकवावं लागलं नाही.

मध्यंतरी आम्ही लेकरांसाठी लोखंडी पाइपचे बंक बेड बनवायला लागलो. एकावर एक दोन पलंग आणि वर चढायला शिडी. तेव्हापासून किश्श्यांचा नुसता पाऊस पडायला लागला!

* * *

पहिला घोटाळा नावानंच केला. सुनीलनं हौसेनं पाटी रंगवून घेतली, ‘मुलांसाठी खास बंक बेड’.

दुसऱ्याच दिवशी देगलूरकडचे एक काका आत आले. पाटी वाचूनच त्यांचा पारा चढला होता.

“माझं पोरगं लातूरला अकरावीला हाय. लेक्चर बंक करालंय म्हणून सरांचा फोन येऊन गेला. आन् तुम्ही त्याच्यासाठी पलंग विकालात?”

मी समजावून सांगितलं, की काका, इथं बंक म्हणजे दांडी मारणं नाही, इंग्रजीत याला तसंच म्हणतात. काकांनी पलंगाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “तरीच! दोघं दोघं मिळून मारत असतील.”

आबांनी त्याच दिवशी पाटी बदलून घेतली, ‘वरखाली पलंग’. तर आठवड्याच्या आत एक बाई म्हणाल्या, “अहो, नाव वाचूनच जीव वरखाली होऊन राहिला!” शेवटी पाटीवर ‘डबलडेकर’ लिहिलं. आमच्या घरात मात्र नाव कधी लागलंच नाही. आम्ही नुसतं ‘वर’ आणि ‘खाली’ म्हणतो.

* * *

आता इथं माझा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढची भांडणं कळणार नाहीत. वरच्या पलंगाला चारी बाजूंनी कठडा पाहिजे, अगदी भिंतीच्या बाजूनंसुद्धा, आणि गादी टाकल्यावरही तो चांगला वीतभर उंच राहिला पाहिजे. सहा वर्षांखालचं लेकरू वर झोपणार नाही. आणि पलंग पंख्याखाली लागणार नाही. हे ज्याला पटत नाही त्याला मी पलंग देत नाही. चहा देते.

यामागं कारण आहे. माझं माहेर औशाकडचं. उन्हाळ्यात आमचं सगळं घर माळवदावर झोपायचं. मातीचं सपाट छप्पर, काठाला काहीच नाही. माझा धाकटा भाऊ झोपेत लोळत लोळत गेला आणि थेट अंगणात पडला. जीव वाचला, पण त्याचा उजवा हात आजही नीट सरळ होत नाही. राखी बांधताना दर वर्षी तो हात माझ्यासमोर येतो आणि दर वर्षी मला भरून येतं.

आबांना यातलं काही पटत नव्हतं. “आम्ही काय माळवदावर झोपलो न्हाई का? ह्या कठड्यानं पलंगाचा पिंजरा करून टाकला! गिऱ्हाईक बघतं आन् समोरच्या दुकानात जातं. त्याच्याकडं बघ, कसा मोकळाढाकळा पलंग ठेवलाय.”

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण एके दिवशी ते सुनीलसमोर म्हणाले, “पाडव्यापर्यंत बघतो. तवर जमलं तर ठीक. न्हाई तर पाडव्यापासून बिनकठड्याचे पलंग पुढं लागतील. दुकान मी उभं केलंय, तिनं न्हाई.”

सुनील मान खाली घालून स्क्रू मोजत बसला. मला राग आलाच, पण त्याहून जास्त भीती वाटली. कोणाचं तरी लेकरू आमच्या पलंगावरून पडणार आणि त्या पलंगावर आमच्या दुकानाचं नाव असणार, एवढंच सारखं डोळ्यांपुढं येत होतं.

* * *

नांदेड म्हणजे रेल्वेचं गाव. त्यामुळं निम्मी गिऱ्हाइकं आमच्याकडं अप्पर आणि लोअर मागतात. असेच एक रेल्वेतून रिटायर झालेले काका नातवंडांसाठी पलंग बघायला आले, सोबत काकू. काकांनी कठडा हलवून पाहिला आणि हसले.

“एवढा कशाला? आमच्या गाडीत अप्परला काय असतं? दोन बोटांचा गज! माणूस रात्रभर झोपतो आन् सकाळी सिकंदराबादला उतरतो. कोणी पडतं का?”

आबांची कळी खुलली. “सांगा, सांगा हिला!”

मी म्हटलं, “काका, पडलेली माणसं सांगत फिरत नाहीत.”

तेवढ्यात काकू म्हणाल्या, “न्हाई सांगत, हाव. हे सवताच दोनदा पडलेत. एकदा परभणीच्या अलीकडं आन् एकदा पूर्णा जंक्शनला.”

काका घाईनं म्हणाले, “गाडीला झटका बसला होता.”

काकू म्हणाल्या, “पूर्ण्याला गाडी उभी होती!”

काकांनी कठड्याचा पलंग घेतला.

* * *

वयाची तर वेगळीच गंमत. एसटीत बसलं की पाच वर्षांचं पोरगं चारचं होतं. आमच्या दुकानात पाय ठेवला की तेच पोरगं सात वर्षांचं होतं! सहाचा नियम सांगितला की आईबापाच्या हातात लेकरं धडाधड मोठी होतात.

एका साहेबांनी आपल्या मुलाला पुढं केलं. बोटभर पोरगं, नाकाला शेंबूड, हातात कुरकुऱ्याचं पाकीट. “मॅडम, सात पूर्ण आहेत याला. अंगानं बारीक आहे.”

मी खाली वाकून विचारलं, “कितवीत आहेस रे राजा?”

“बालवाडीत.”

साहेब जरासुद्धा डगमगले नाहीत. म्हणाले, “नापास झालाय.”

मी म्हटलं, “साहेब, बालवाडीत नापास करत नाहीत.” मग मुलाकडं वळले. “बाळा, खरं सांग, तू किती वर्षांचा?”

त्यानं वर बापाकडं पाहिलं आणि विचारलं, “पप्पा, कोणतं सांगू? बसमधलं का इथलं?”

साहेब गाडीची किल्ली शोधत बाहेर गेले. त्यांच्या बायकोनं मात्र मला हसून विचारलं, “खालच्या पलंगावर याला आणि वर मोठीला झोपवलं तर चालेल ना?” मी म्हटलं, “वहिनी, हेच मी मघापासून सांगून राहिले.”

* * *

पंख्याचा किस्सा सुनीलच्या तोंडूनच ऐकावा असा आहे, पण तो बोलत नाही, म्हणून मीच सांगते.

तो एका गुरुजींच्या घरी पलंग लावायला गेला. गुरुजींच्या बायकोनं जागा आधीच ठरवून ठेवली होती, बरोबर पंख्याखाली! सुनीलनं वर चढून हात लांब केला, तर पात्याला बोटं लागत होती.

“वहिनी, इथं न्हाई जमणार. लेकरू उठून उभं राहिलं तर?”

“तिकडच्या भिंतीला लावला तर पाय दक्षिणेला होतात. अन् खिडकीजवळ कपाट आहे, ते हलवायचं नाही. वास्तूवाल्यांनी सांगितलंय.”

“मग पंखा काढून भिंतीवरचा लावू.”

“नको. पंख्याचा धाक असला तर कार्टं गप पडून राहील. जरा मान वर केली की कळेल त्याला!”

सुनील शिडीवरून खाली उतरला. आयुष्यात तो गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच उलट बोलला, “वहिनी, मी पलंग देऊन राहिलो, शिक्षा न्हाई!”

आतल्या खोलीतून गुरुजी टाळ्या वाजवत बाहेर आले. कपाट हललं, पलंग खिडकीपासून हातभर जागा सोडून भिंतीला लागला. वास्तूवाल्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

* * *

एका आईनं तर कमालच केली. मुलगा वरून सारखा उतरतो आणि हॉलमध्ये जाऊन मोबाईल बघतो म्हणून तिनं आमची फिट केलेली शिडी पान्यानं खोलली आणि स्टोअररूममध्ये ठेवून कुलूप लावलं. पोरगं वर, शिडी कुलपात!

आमच्या दुकानाचं नाव आणि नंबर असलेला स्टिकर वरच्या कठड्याला असतो. दुपारी माझा फोन वाजला.

“काकू, तुम्ही पलंगवाल्या का? मला खाली यायचंय. सू लागलीय.”

मी त्याचं नाव विचारलं, सगळी कामं टाकून वहीतून त्याच्या आईचा नंबर शोधला आणि तिला फोन लावला. चांगली झापली. म्हटलं, बाई, आग लागली, काही झालं तर लेकरानं उडी मारायची का? शिडी आत्ताच्या आत्ता लावा, नाहीतर मी सुनीलला घेऊन येते.

ती रडकुंडीला आली. “लावते, ताई, लावते. पण मी मघापासून घरभर माझा दुसरा मोबाईल शोधून राहिले. त्यानं तुम्हाला फोन केला कशावरून?”

* * *

लातूरच्या एका होस्टेलवाल्यांनी मोठी ऑर्डर काढली. बाहेरगावची पोरंपोरी क्लाससाठी येतात, त्यांच्यासाठी पलंग हवे होते. पहिल्या फोनलाच मालक म्हणाले, “तीन मजली होतात का बघा.” मी म्हटलं, “दोनच होतील, आणि कठड्यासकट होतील.”

“मॅडम, कठडा कशाला लागतो? पोरं झोपली तर पडणार! आमच्याकडं पोरं झोपतच न्हाईत. पहाटे उठून अभ्यासाला बसायलेत.”

“मग पलंग तरी कशाला घेता?”

ते म्हणाले, “पालकांना दाखवायला.”

आबांनी मला फोन ठेवायला लावला. एवढी ऑर्डर बोलण्याच्या भरात घालवतेस म्हणाले. पण दोन दिवसांनी त्या मालकांच्या बायकोचा फोन आला. मेस त्या बघतात. म्हणाल्या, “कठडा लावूनच पाठवा. पोरं पुस्तक तोंडावर घेऊन झोपालेत, मी रोज बघते. माझं पण लेकरू त्यातच हाय.”

ऑर्डर राहिली, आबांचा राग मात्र तसाच राहिला.

* * *

एक आजीबाई आल्या होत्या, त्याही लातूरकडच्याच. सोबत नात. त्यांनी पलंगाचा रंग पाहिला नाही, गादी पाहिली नाही. खांबाला दोन्ही हातांनी धरलं आणि हलवायला लागल्या. किती तरी वेळ हलवत होत्या. आबा गमतीनं म्हणाले, “बाई, आंबे न्हाई पडणार त्याचे!”

त्या न थांबता म्हणाल्या, “आमच्याकडं जमीन हलली होती. म्हणून बघून राहिले.”

आबांची मान खाली गेली. आजींनी मग कठड्याला हात लावून विचारलं, “यापेक्षा उंच न्हाई का?” सुनीलनं त्यांचा पलंग भिंतीत जाड बोल्ट मारून पक्का केला. नात वर चढली तेव्हा आजी खाली उभ्या राहून दोन्ही हात पुढं धरून होत्या, ती शिडीवरून उतरेपर्यंत.

मला वाटलं आता तरी आबा माघार घेतील. पण पाडवा जवळ आला तसे ते जास्तच हट्टाला पेटले. पाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वेल्डरला बोलावलं. दुकानातल्या पुढच्या पलंगाचा कठडा कापून टाकायचा, असं ठरलं.

* * *

त्या दिवसाचं मात्र बैजवार सांगायला पाहिजे.

आमच्या घरात एक डबलडेकर आहेच. थोरली ओवी वर झोपते, चार वर्षांचा अर्णव खाली. आबा त्या खोलीत जायचेसुद्धा नाहीत. “मी मरंन, पण त्या पिंजऱ्यात चढणार न्हाई,” असं त्यांनी आल्यागेल्याला सांगून ठेवलं होतं.

त्या दुपारी ओवी शाळेत होती, सुनील लातूरला होस्टेलच्या फिटिंगला गेला होता आणि मी दुकानात पाडव्याच्या गर्दीत. घरात आबा आणि अर्णव दोघंच.

हिमायतनगरला आबांची धाकटी बहीण असते, कमलआत्या. ती रोज दुपारी आबांना फोन करते. त्या दिवशी फोन अर्णवनं उचलला. काय बोलणं झालं ते मला नंतर दोघांनीही शब्दाला शब्द सांगितलं.

“आबा कुठं हायेत रे बाळा?”

“आबा वर गेले.”

आत्या मटकन खाली बसली. “कवा रे?”

“आत्ताच. जेवले आन् गेले.”

“लई तरास झाला का रे त्यांना?”

“लई. गुडघे दुखले. आई गं, आई गं म्हणले.”

“जाताना काही बोलले का?”

“म्हणले, वर कसं असतंय ते एकदा बघतो, आता मला उठवू नको.”

आत्याला हुंदका आवरेना. “आईला सांगितलं का तुझ्या?”

“न्हाई. आबा म्हणले, आईला सांगू नको. ती हसंल.”

आत्यानं सुनीलला फोन लावला, तो ड्रिल मशीन घेऊन भिंतीत भोकं पाडत होता. मला लावला, तर माझा फोन चार्जिंगला लावून गाद्यांच्या ढिगामागं पडलेला. मग तिनं भावकी गोळा केली, जीप काढली आणि वाटेत भोकरला थांबून हार घेतला.

मी एका नवरा-बायकोला गादी दाखवत होते. गिऱ्हाइकासमोर आपला चेहरा असतो तसा होता, छान हसरा. तेवढ्यात दारात जीप थांबली आणि गाडीभर माणसं उतरली. पुढं आत्या, हातात हार. तिनं मला पाहिलं आणि मोठ्यांदा किंचाळली, “हसून राहिली गं बाई! खरंच हसून राहिली!”

आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मला वाटलं हिमायतनगरला कोणीतरी गेलं. आता एवढी माणसं दारात रडतायत म्हटल्यावर कोण गेलं असं कसं विचारणार? मीपण रडायला लागले! गादी बघणाऱ्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या बायकोनं पदर घेतला.

आत्या रडत रडत थेट मागच्या घरात शिरली, मागं सगळी भावकी आणि भावकीच्या मागं मी. वेल्डरही नेमका तेव्हाच आला, तो मशीन घेऊन आमच्या मागोमाग आत. मुलांच्या खोलीच्या दारात अर्णव बसला होता. त्यानं तोंडावर बोट ठेवून वर दाखवलं. वरच्या पलंगावर आबा पांढरं धोतर पांघरून गप पडले होते.

“दादाऽऽ!” आत्यानं असा हंबरडा फोडला, की आबा झोपेतच दचकले. झोपेत माणसाला आपण वर आहोत याचं भान नसतं. रोज बाजेवरून उतरतात तसे ते एकदम कुशीवर वळले आणि काठाकडं आले. माझ्या डोळ्यांपुढं माझा भाऊच आला. मी दोन्ही हात पुढं केले, पण मी दारात होते, माझ्यापुढं अख्खी भावकी.

धाडकन आवाज झाला. सगळा पलंग थरारला. आबांचा एक हात आणि एक पाय बाहेर लोंबकळत होता, बाकी आबा कठड्याला अडकले होते.

हळूहळू कठड्यावरून आबांचं तोंड वर आलं. त्यांनी एवढी माणसं पाहिली, रडणारी बहीण पाहिली आणि घाबरून विचारलं, “कमल, कोण गेलं गं?”

आत्या हार हातात घेऊन तशीच उभी होती. म्हणाली, “तुम्हीच की, दादा!”

आबांनी खाली फरशीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं.

मागून वेल्डरनं विचारलं, “आबा, कठडा कुठून कापू?”

आबांनी वाकून आत्याच्या हातातला हार मागून घेतला आणि कठड्याला घातला.